वहिनीच्या हिरड्या आणि माझं वजन

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. वहिनीने माझ्याकडून तसं वचन घेतलं होतं आणि वचनाला मी अगदी पक्की आहे. (खरं कारण असं की मी फारशी कुणाशी बोलतच नाही, त्यामुळे गुपितं माझ्या पोटात आपोआप टिकतात. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला माझा आवाज कसा आहे हे सहामाही परीक्षेनंतर कळलं.) पण आता घरात सगळ्यांना सगळं कळलं आहे, तेव्हा लिहायला हरकत नसावी. वहिनीला मात्र विचारलेलं नाही.

सुरुवात बेसिनपाशी झाली. आमच्याकडे सकाळी बेसिनपुढे रांग असते. आधी बाबा, मग आई, मग दादा, मग वहिनी आणि सगळ्यात शेवटी मी, कारण रांगेत पुढे घुसायला तोंड उघडावं लागतं. वहिनीला तेव्हा नुकता पाचवा महिना लागला होता. एका सकाळी ती दात घासून वळली, मी पुढे झाले, तर बेसिनमध्ये गुलाबी फेस. आमच्या घरातली पेस्ट पांढरी आहे. मी फेसाकडे बघितलं, मग वहिनीकडे बघितलं. तिने मला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली.

"हिरड्यांतून रक्त येतं घासताना," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले. कुणाला सांगायचं नाही."

"दादालाही?"

"दादाला तर मुळीच नाही. तो मला उचलून दातांच्या डॉक्टरकडे नेईल."

इथे वहिनीबद्दल सांगायला हवं. ती अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. पलीकडे माणसं आग आग म्हणून किंचाळत असतात आणि वहिनी शांतपणे म्हणते, घाबरू नका, पत्ता सांगा. एकदा एका गृहस्थाने घाबरून स्वतःच्या घराऐवजी सासुरवाडीचा पत्ता दिला. तो तिने बोलता बोलता दुरुस्त करून घेतला आणि बंब बरोबर जागी पोचला. अशी ही बाई दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीला घाबरते. लहानपणी ती त्या खुर्चीतून उडी मारून, गळ्यातल्या कागदी रुमालासकट, तीन चौक पळाली होती. हे तिने हसत सांगितलं. मग पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली की आता तर इंजेक्शन देतील, एक्स-रेचे फोटो काढतील, बाळाला काही झालं तर? यावर मला हसता आलं नाही. मी मान हलवली. नाही सांगणार.

एवढासा निर्णय होता माझा.

वहिनीने स्वतःवर उपचार सुरू केला. उपचार म्हणजे जिथे रक्त येतं तिथे ब्रश न्यायचाच नाही. ती ब्रश नळाखाली धरायची, पेस्टचा वास यावा म्हणून थोडी जिभेला लावायची आणि बेसिनमध्ये खूप पाणी ओतायची. आठ दिवसांत हिरड्या टोमॅटोसारख्या लाल आणि फुगलेल्या दिसायला लागल्या. टणक काही चावलं की दुखायचं. ती दुधात बुडवलेला पाव आणि केळं यांच्यापलीकडे काही खाईना.

आणि नेमकी त्याच वेळी घरात तिला खाऊ घालायची मोहीम सुरू झाली होती. आई रोज गाजरं, भाजलेले शेंगदाणे आणि बिया काढून आत बदाम भरलेला खजूर असं ताटात वाढायची. बाबा सफरचंद कापायचे. बाबांनी आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले आहेत, त्यामुळे त्यांच्या फोडी मोजल्या तरी एकीत आणि दुसरीत फरक सापडत नाही. अशा आठ सारख्या फोडी ते वहिनीपुढे मांडायचे आणि समोर बसायचे. कुणी इतकं प्रेमाने बघत असताना नको कसं म्हणणार?

मी जेवायला वहिनीच्या शेजारी बसते. पहिल्या दिवशी एक फोड माझ्या ताटात आली. दुसऱ्या दिवशी पाच आल्या. नंतर आमची पद्धतच ठरली. तिने गुडघ्याने ढोसलं की मी ताट दोन बोटं पुढे सरकवायचं, आणि वर कुणी बघायच्या आत खाऊन टाकायचं. खजूर तिच्या हिरड्यांना चिकटायचा, म्हणून तो सगळाच्या सगळा माझ्या खिशात यायचा. तो मी शाळेत तासाला तोंडात धरून बसायची. (मी उत्तर का देत नाही असं आमच्या भूगोलाच्या बाई नेहमी विचारतात. त्या महिन्यात मला खरंच देता येत नव्हतं.)

वहिनीचं ताट चकचकीत रिकामं व्हायचं. आई खूश होती. शेजारच्या काकूंना तिने दोनदा सांगितलं की आमच्या सुनेला माझ्या हातचं किती लागतं बघा. सगळे सुखात होते. फक्त काटा ऐकत नव्हता.

काटा म्हणजे वजनाचा. दादा वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे. ज्याचा त्याचा छंद असतो, तसा दादा आम्हाला वाढदिवसाला उभं करून वजन करतो आणि वहीत लिहून ठेवतो. वहिनीचं तर तो दर रविवारी करत होता. तीन रविवार आकडा तोच. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं होतं की वजन का वाढत नाही, खाणं नीट आहे ना? दादाने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की ताट मी स्वतः बघतो.

दुसरा कुणी बायकोची काळजी करत बसला असता. दादाने काट्याची केली. म्हणाला, स्प्रिंग अडकली असणार. त्याने काटा उघडला, पुसला, तेल दिलं. चौथ्या रविवारी आकडा तोच. मग त्याने कामावरून शिक्का मारलेली लोखंडी वजनं आणली, वीस वीस किलोची, तीन मजले चढून. काटा तंतोतंत बरोबर निघाला. त्यावरही विश्वास बसेना म्हणून पाचव्या रविवारी गोदामात पोती ठेवतात तो मोठा काटा आमच्या दिवाणखान्यात आला. सोफा भिंतीला लावावा लागला. वहिनी त्यावर चढली. आकडा तोच.

दादा बराच वेळ हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरची मजा गेली होती. ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. काटा बरोबर असेल तर मग वहिनीला, बाळाला काही झालंय का, असं तो विचारत होता, पण मोठ्याने नाही. मी वहिनीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"ताट रिकामं होतंय," दादा शेवटी म्हणाला. "काटा बरोबर आहे. मग माल जातोय कुठे?"

त्याच्या धंद्यात म्हणे गोदामात एका कोपऱ्यात माल कमी भरला की दुसऱ्या कोपऱ्यात जास्त भरतो. म्हणून त्याने सगळ्यांना वजनाला उभं केलं. बाबा होते तेवढेच निघाले. आई अर्धा किलो कमी. मग मी. वहीप्रमाणे माझ्या वाढदिवसाला सात आठवडे झाले होते. त्या सात आठवड्यांत मी दोन किलो नऊशे ग्रॅम वाढले होते.

"मुंगे," दादा म्हणाला (मी लहान चणीची म्हणून घरात माझं हे नाव), "तू काय खातेस?"

मी कशीबशी म्हणाले की वाढीचं वय आहे. बाबांनी लगेच फूटपट्टी आणली आणि दाराच्या चौकटीवरच्या खुणेशी माझी उंची मोजली. दोन मिलिमीटर. मग आईचं लक्ष माझ्या फ्रॉकच्या खिशाकडे गेलं. खिशात रुमालाला चिकटलेले तीन खजूर होते, आत बदाम भरलेले. आईने ते ओळखले. स्वतःच्या हाताचं काम कोण ओळखणार नाही?

"पोटुशी बाई ती," आई म्हणाली. "तिच्या ताटातलं खाल्लंस?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बाबांनी फूटपट्टी खाली ठेवली. मला एका वाक्यात सुटता आलं असतं, पण ते वाक्य माझं नव्हतं. मी त्या पोत्यांच्या काट्यावर उभी राहून स्वतःच्या अंगठ्यांकडे बघत होते. रडू आवरेना. प्रत्येक हुंदक्याला आकडा वर-खाली व्हायला लागला, तेव्हा दादा सवयीने म्हणाला, "हलू नकोस."

"तिने चोरलेलं नाही," वहिनी म्हणाली. "मी दिलं."

आईला ते पटलं नाही. तिला वाटलं वहिनी मला पाठीशी घालते आहे, आणि तसं ती म्हणालीही. वहिनीने आणखी एकदा सांगितलं. कुणी ऐकेना. तेव्हा ती टेबलाशी गेली, बाबांनी कापलेली एक फोड उचलली, डोळे मिटले आणि तिचा चावा घेतला. मग ती फोड तिने सगळ्यांपुढे धरली. पांढऱ्या गरावर दातांच्या खुणा होत्या, आणि त्या लाल होत्या.

आईने ती फोड हातात घेतली.

"म्हणजे," आई सावकाश म्हणाली, "महिनाभर मी हिलाच पोसत होते?"

दादा मटकन मोठ्या काट्यावर बसला. किती दिवस, असं त्याने विचारलं. वहिनीने सगळं सांगितलं. बेसिनपासून. खुर्ची, इंजेक्शन, बाळ, सगळं. दादा रागावला नाही. त्याने तिथूनच तपासणीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि जे ऐकलं ते वजनांच्या वहीत लिहून घेतलं. या महिन्यांत पुष्कळ बायकांच्या हिरड्या सुजतात, रक्त येतं. म्हणून दात घासणं सोडायचं नसतं, उलट मऊ ब्रशने दोन वेळा नीट घासायचे. उलटी झाली तर आधी पाण्याने चूळ भरायची, ब्रश अर्ध्या तासाने. आणि दातांच्या डॉक्टरकडे जायचंच, फक्त कितवा महिना ते आधी सांगायचं. दात साफ केल्याने बाळाला काही होत नाही, हिरड्या तशाच ठेवणं जास्त वाईट. हे शेवटचं वाक्य दादाने वहिनीला तीनदा वाचून दाखवलं.

"मी जाईन," वहिनी म्हणाली. "पण खुर्चीत आधी मुंगी बसेल. ती धड परत उठली तर मी."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दुसरी कुणीही ‘नाही’ म्हणाली असती. मी मान हलवली. (होकाराची मान हलवायला आवाज लागत नाही, हीच तर माझी अडचण आहे.)

दातांच्या डॉक्टरीणबाई मनगटाने मजबूत आणि स्वभावाने गप्पिष्ट निघाल्या. त्यांनी वहिनीला कितवा महिना ते विचारलं, शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि माझ्या तोंडात आरसा घातला. मग त्या मदतनीस ताईंना दातांचे आकडे सांगायला लागल्या. ताई लिहीत होत्या. आकडे थांबेनात. वहिनी मान लांब करून बघत होती. मी मात्र धडधाकट उठले, हे तिने पाहिलं.

मग तिची पाळी आली. तिने माझा हात असा धरला की बोटं पांढरी पडली. यंत्राचा आवाज सुरू झाला तशी ती उठायच्या बेतात आली, नजर दाराकडे गेली. तीन चौकांचा रस्ता तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसला. काहीतरी बोलायला हवं होतं आणि दादा बाहेर होता.

"घाबरू नका," मी म्हणाले. "पत्ता सांगा."

वहिनी हसली. तोंड भरपूर उघडून हसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, आता अगदी असंच ठेवा. चाळीस मिनिटांत काम झालं. इंजेक्शन लागलं नाही, फोटो लागला नाही. तिचा एकही दात किडलेला नव्हता. फक्त हिरड्यांच्या कडेने घाण साचली होती, तीही न घासल्यामुळे.

त्याला आता तीन आठवडे झाले. वहिनीच्या ब्रशचा फेस पांढरा असतो. गाजर ती असं चावते की बाबांचं वर्तमानपत्रावरचं लक्ष उडतं. काल तिचं वजन सव्वा किलो जास्त भरलं. दादाने मोठा काटा परत पाठवला आणि सोफा जागेवर आला.

राहता राहिले ते आकडे. ते माझे होते. चार दाढा किडल्या आहेत. इतका चिकट खजूर तासन्‌तास तोंडात कोण ठेवतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट बघितली, ती त्यांना अजून बघावी लागते आहे. दोन दाढा भरून झाल्या. आज तिसरी. हे मी दवाखान्यातल्या बाकावर बसूनच लिहिते आहे. वहिनी शेजारी आहे आणि डब्यातलं सफरचंद खात, काही म्हणजे काही दुखत नाही, असं अनोळखी लोकांना सांगते आहे.

मीही आता घाबरत नाही. पहिल्या वेळी मी रडले असं दादा सांगतो, पण ते डोळ्यात पाणी उडालं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंचं बोट चावलं गेलं ते चुकून. मदतनीस ताई दारात येऊन विचारताहेत, मुंगी कोण? (नाव दादाने नोंदवलं.) तेव्हा आटोपतं घेते. आज मी अगदी एकटी आत जाणार आहे, वहिनीने हात धरायची मला काहीएक गरज नाही, फक्त ती दारापर्यंत आली आणि मग खुर्चीपर्यंत, आणि जर तिने नुसतं एक बोट धरू दिलं तर…