जुन्या डिस्कचं पातेलं

बारामतीचा इंजिनिअर मंगळवारी येतो म्हणाला होता. कुठल्या मंगळवारी ते सांगायचं तेवढं राहिलं. तीन मंगळवार वाट बघून मानसिंगनं ठरवलं, हे काम आपणच करायचं.

मानसिंग इंदापुरातल्या ऊस नोंदणी सोसायटीत कॉम्प्युटर ऑपरेटर होता. (बारामतीला तीन आठवड्यांचा कोर्स केलेला. त्यातला एक आठवडा काविळीत गेला.) सत्त्याण्णव साली सोसायटीत सर्व्हर म्हणून एक भलंमोठं खोकं आलं होतं. बावड्यापासून कळसपर्यंत कुणाच्या उसाची लागण कधीची आणि त्याला तोड कधी, हे सगळं त्याच्या पोटात. कागदी रजिस्टरं बंद केलेली, तीही मानसिंगच्याच आग्रहानं. आता त्या खोक्यातली हार्ड डिस्क जात्यासारखी घरघरायला लागली होती. नवी डिस्क आणून ठेवली होती. जुनीवरची सिस्टिम, नोंदींसकट, नवीवर न्यायची, एवढंच काम.

रविवारी सकाळी त्यानं सर्व्हर गोधडीत गुंडाळून घरी आणला. ऑफिसात शंभर जण डोकावतात म्हणून. घरात एकटी सारजाच डोकावत होती.

"अवं, ह्येचं पोट कशापायी फाडलंय?"

"सिस्टिम हलवतोय. ह्या घरातनं त्या घरात."

"मग जुन्या घराचं काय?"

"त्येचं काय, भंगार," मानसिंग ऐटीत म्हणाला.

दोन्ही डिस्क जोडून त्यानं कॉपी सुरू केली. दुपारच्या जेवणापर्यंत काम झालं. मशिन बंद करून पुन्हा लावलं, चालू झालं! मानसिंगनं जुनी डिस्क काढून खिडकीत ठेवली, खोक्याचे स्क्रू आवळले आणि दोन वाट्या शिकरण खाऊन झोपला.

सोमवारी सकाळी सर्व्हर पुन्हा गोधडीत गुंडाळून तो साडेनऊलाच ऑफिसात. चेअरमन आबासाहेब तोडीच्या यादीची वाट बघत खुर्चीत, दारात बावड्याचे सात-आठ शेतकरी. मानसिंगनं शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. डिस्कवर सिस्टिमच नाही, दुसरी घाला, असा त्यांचा मतलब.

पुन्हा दाबलं. पुन्हा त्याच दोन ओळी.

मानसिंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काल मशिन चालू झालं तेव्हा जुनी डिस्क आतच होती की! म्हणजे चालली ती जुनीच. नवीवर काही आलेलंच नाही.

"काय झालं रं?" आबासाहेबांनी विचारलं.

"काय न्हाय आबा. एक सामान घरी राहिलंय," म्हणत तो लुनाकडं पळाला.

खिडकीत डिस्क नव्हती. तिच्या जागी नवं कोरं ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घातलेलं होतं.

"सारजा! हितली डिस्क कुठं हाय?"

"दत्तोबा भंगारवाल्याला दिली. तीन फुटक्या बादल्या आन् त्ये तुमचं घर, मिळून ह्ये पातेलं. तुमीच म्हणाला न्हवं, भंगार?"

"अगं, सगळ्या तालुक्याचा ऊस हाय त्येच्यात!"

"एवढ्याशा डबीत?" सारजा म्हणाली. पण त्याचं तोंड बघून तिनं पातेलं काखेत मारलं आणि लुनावर मागं बसली. "चला. त्यो कळसच्या वाटंला लागला आसंल."

तीन मैलांवर दत्तोबा एका बाभळीखाली सापडला. सायकल झाडाला टेकवलेली, आणि स्वारी एका चकचकीत गोल तबकडीत बघत मिशा कातरत होती. शेजारी स्क्रू, पाना, आणि डिस्कचं उघडं कवच.

"या सायेब! काय माल हाय वो," दत्तोबा आनंदानं म्हणाला. "आरशापरीस झ्याक तोंड दिसतंय बघा."

त्यानं तबकडी पुढं केली. मानसिंगनं बघितलं. तालुक्याच्या उसाच्या ठिकाणी त्याला त्याचंच पांढरंफटक तोंड दिसलं.

परत येताना तो नुसती लुना हाकत होता. सारजाच बोलत होती. नोकरी गेली तर माहेरी कळसला चार म्हशी आहेत, म्हशींना काही कॉपी करावं लागत नाही, असं ती त्याला मनापासून धीर देत होती.

ऑफिसच्या दारात आता पंधरा माणसं. मानसिंग आबासाहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "आबा, सांगायचं म्हंजे..."

"अवं," मागून सारजा म्हणाली. ती सर्व्हरला वाकून बघत होती. "ह्येच्या तोंडात ह्ये काय आडकलंय?"

"हात नगं लावू!"

तोवर तिनं कळ दाबली होती. टुक्कन एक फ्लॉपी बाहेर आली. तोडीची यादी आबासाहेबांना काढून द्यावी म्हणून मानसिंगनंच ती सकाळी उत्साहाच्या भरात आधीच घालून ठेवली होती. बटण दाबलं की मशिन आधी फ्लॉपीत सिस्टिम हुडकतं. तिथं नाही मिळाली की अडून बसतं. हे कोर्सात शिकवतात. (काविळीच्या आठवड्यात.)

मानसिंगनं बटण दाबलं. नवी डिस्क मांजरासारखी गुरगुरली आणि बावडा, कळस, सगळी गावं लागणीच्या तारखांसकट पडद्यावर हजर झाली. काल कॉपी अगदी बिनचूक झाली होती.

"झालं व्हय?" आबासाहेबांनी विचारलं. "कुणी केलं?"

"वैनींनी!" दारातून पंधरा जण एका सुरात ओरडले.

शनिवारच्या बैठकीत 'सोसायटीचा सर्व्हर सुरू केल्याबद्दल सौ. सारजाबाई यांचे अभिनंदन' असा ठराव एकमतानं पास झाला. तो टाइप करायचं काम अर्थातच ऑपरेटरकडं आलं. मानसिंगनं त्यात हळूच 'पतीच्या मार्गदर्शनाखाली' एवढे दोन शब्द घातले. आबासाहेबांनी ते हिरव्या शाईनं खोडले आणि बाजूला लिहिलं : 'पतीचे न ऐकता' असे वाचावे.