चिठ्ठीची दवा

निमगाव केतकीत तात्यांना कुणी राम राम घातला, तर तात्या लगेच उलट राम राम घालत नसत. आधी ते त्या माणसाची खालची पापणी अंगठ्याने ओढत आणि आत डोकावत. "लाल हाय," म्हणत. नाहीतर "बरा हाय." मग राम राम.

सन तीस-बत्तीसच्या सुमाराला मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून गेलो आणि नेमकं तात्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. ट्रंक खाली ठेवायच्या आत माझे दोन्ही डोळे तपासून झाले होते.

तात्यांचा पानमळा होता, पण त्यांचं चित्त पानांत नव्हतं. फेट्याच्या घडीत ते रबरी टोपीची एक काचेची नळी बाळगत आणि उकळून गार केलेलं पाणी घेऊन डोळ्यात थेंब कसा टाकावा हे सगळ्या आळीला शिकवत. "बुबुळावर न्हाय टाकायचा. पापणीची झोळी करायची आन् झोळीत भिक्षा टाकायची. भिक्षा घालताना हात कापतोय व्हय कुनाचा?" बायाबापड्या शिकल्या, न्हावी शिकला. एकदा तात्यांनी बैलावरही प्रयोग केला. बैलाने लाथ घातली. आठवडाभर लंगडत तात्या सांगत होते, "जनावर चांगलं हाय, पर मान वर करत न्हाय."

मी मात्र टाळाटाळ करत राहिलो. माझ्या डोळ्याजवळ कुणी बोट आणलं, तरी मला जेवण जात नाही.

हे सगळं साध्या पाण्यावर. खरं औषध कोनाड्यात, काळ्या फडक्यात गुंडाळलेल्या तपकिरी बाटलीत असे. गुऱ्हाळाच्या धुराने डोळे सुजलेला एक गडी एकदा थेंबभर मागायला आला. तात्यांनी त्याला बाटली दाखवलीसुद्धा नाही. "डाक्टरच्या चिठ्ठीची दवा हाय ती. जिच्या नावाची, तिला अमृत. तुला इख. जा, गार पान्यानं डोळं धू."

चिठ्ठीवर नाव होतं तात्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोचं. भाऊ कधीच वारला होता, तात्यांची बायकोही गेलेली. घरात ही दोनच माणसं. धाकटीला काचबिंदू होता. एक डोळा गेलाच होता. बारामतीचे डॉक्टर म्हणाले होते, सकाळ-दुपार-संध्याकाळ थेंब चुकला नाही तर दुसरा टिकेल, पण गेलेली नजर परत येणार नाही. ते औषध तेव्हा इंदापुरात मिळत नसे. बारामतीचा कंपाउंडर ते करून देई, आणि काही आठवड्यांत त्याला गुलाबी रंग चढला की फेकून द्यावं लागे. मग तात्या पानांची करंडी घेऊन मोटारीने बारामती गाठत, पानं विकत आणि बाटली काखेतल्या खिशात घालून आणत.

"महाग पडत असेल," मी एकदा म्हणालो.

"एक करंडी पानं," तात्या म्हणाले. "पानं काय, पुन्ना फुटत्यात."

अडचण वेगळीच होती. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरापुढे तोंड उघडं टाकायचं नाही, ही रीत. वीस वर्षं एका घरात राहून तात्यांनी तिचा चेहरा पाहिला नव्हता. बोलणंही भिंतीला सांगितल्यासारखं: "वाढलंय म्हनावं." "आलो म्हनावं." तिने स्वतःच थेंब टाकून पाहिला, तर तो गालावरून कानात गेला. म्हणून तात्या आळीला शिकवत होते. कुणीतरी बाई घरी असलीच पाहिजे. बहुतेक वेळा ती माझी बायको असे.

सुगीत ती बाळंतपणाला माहेरी सांगवीला गेली. एके दुपारी आळीतल्या झाडून साऱ्या बाया ज्वारीच्या काढणीला गेलेल्या. तात्या बाटली घेऊन माझ्या दारात आले. माझी पापणी न ओढता म्हणाले, "मास्तर, चला. तुमी परकं, तुमास्नी चालतंय."

धाकटी भिंतीशी बसली होती. तात्या उंबऱ्यात पाठ करून उभे राहिले. माझा पहिला थेंब तिच्या नाकावर पडला, दुसरा गालावर. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. बाटलीच्या तळाशी थोडंसंच उरलं होतं, आणि नवी आणायला तात्या उद्याच्या मोटारीने जाणार होते.

"तात्यास्नी म्हनावं, त्यांनी टाकावा," धाकटी म्हणाली.

"रीत न्हाय ती," तात्या दाराकडे तोंड करून म्हणाले.

"रीत ऱ्हाईल आन् डोळा जाईल."

तात्या वळले. तिने पदर पुढे ओढला नाही. तात्या समोर बसले ते डोळे घट्ट मिटून. साऱ्या गावाला भिक्षा घालायला शिकवणाऱ्याचा हात लटलट कापत होता.

"डोळं उघडा, तात्या," ती म्हणाली. "झोळी कशी दिसंल?"

वीस वर्षांत तिने त्यांच्याशी सरळ केलेलं ते पहिलं बोलणं. तात्यांनी डोळे उघडले. दोघं क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिली. मग थेंब पडला, नेमका झोळीत.

धाकटीने डोळा मिटला. थोड्या वेळाने तशीच बसून म्हणाली, "लई म्हातारं झालाय की तुमी."

तात्या बाटलीला फडकं गुंडाळत होते.

"तूबी," ते म्हणाले.