फुटाण्याच्या पुडीतलं कृष्णविवर

फळीवर ठेवलेली व्याख्यानाची बावीस पानं गुरुवारी सकाळी जागेवर नव्हती, आणि ती पंजाबराव साहेबांनीच उचलली याबद्दल केवलरामला तिळमात्र शंका नव्हती.

केवलराम पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर, मॅट्रिक नापास. पंजाबराव ऑफिसर, शिवाय प्लांटच्या वसाहतीतल्या त्यांच्या सेक्टरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्या मंडळात बोलायचं तर डिग्री लागायची, नाहीतर ऑफिसरचा मेहुणा तरी असावं लागायचं. केवलरामनं सहा वर्षं ड्युटीनंतर वाचनालयातली इंग्रजी मासिकं अडखळत वाचून कृष्णविवरावर व्याख्यान लिहिलं होतं, आणि सभेत भांडून १९८३ च्या नोव्हेंबरातला एक रविवार मिळवला होता; तो आता तीन दिवसांवर होता. "फिटर आयत्या वेळी पळाला तर माझा मेहुणा आहेच," असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते. बुधवारी ते चहाला आले, तेव्हा फळीकडे दोनदा बघून गेले होते.

"अजी, साहेब कायले चोरन तुमचे कागदं?" त्याच्या बायकोनं, भागीरथानं विचारलं.

"जळते तो माह्यावर."

"असं काय लिवलं होतं त्याच्यात?"

"हे पाय. चिठ्ठी जाळली, तरी तिची राख अन् धूर पुरा जमा केला, तं हिशेबानं ते चिठ्ठी पुन्हा वाचता येते. पन कृष्णविवरात टाकली तं नाही. ते विवर हळूहळू वाफ होऊन इरते. वाफेत चिठ्ठीचं एक अक्षर नाही. गेलं ते गेलं. हे म्या गनितानं मांडलं होतं."

"मंग पुन्हा मांडा."

"विषय पाठ हाये. गनित पाठ नाही न व!"

संध्याकाळी भागीरथानं बाजारातून फुटाण्याची पुडी आणली. केवलरामनं दोन दाणे तोंडात टाकले आणि तिसरा हातातच राहिला. पुडीवर त्याचंच अक्षर होतं. पान सातवं.

तो तसाच तेजरामच्या फुटाण्याच्या दुकानावर धावला. मागोमाग भागीरथा.

"हे कुठून आनलं?"

"तुमच्याच घरून. वहिनीनं काल रद्दी देल्ली."

केवलराम वळला. भागीरथा डगमगली नाही. "वरून गनपतीच्या नोटिसा छापल्या होत्या. गनपती कवाचे बुडाले! त्याच्या पाठीवर तुमचं ब्रह्मांड हाये हे मले का माईत?"

"उरलेले पानं दे, तेजराम."

आता तेजरामला संशय आला. रद्दीसाठी माणूस चप्पल न घालता येत नाही. त्यानं गठ्ठा ओढून बुडाखाली घेतला. "कागद मी इकत नाही, भाऊ. फुटाने घ्या, पुडी आपोआप येते."

केवलराम फुटाणे घेत सुटला. पानं यायची ती कशीही. एकोणिसावं, तिसरं, अकरावं. घरात सकाळी फुटाणे, डब्यात फुटाणे, जेवायला फुटाण्याची चटणी. तरी शुक्रवारपर्यंत तेराच पानं जमली. बाकीच्या पुड्या आधीच विकल्या गेल्या होत्या. मग तो क्वार्टरोक्वार्टर हिंडला. "वहिनी, फुटाने आनले होते का? पुडी दाखवा जरा."

असं विचारणाऱ्या माणसाला कोण सरळ समजेल? समोरच्या सत्यशीलाबाईंनी पुडीत विष निघालं असेल म्हणून पोराच्या तोंडात बोट घालून दाणे काढले. शेजारच्या कवडूनं पुडी दिली, पण कोऱ्या वहीवर सही घेऊन. शनिवारपर्यंत सेक्टरभर झालं, की फुटाण्याच्या पुडीतून प्लांटचे नकाशे बाहेर जात आहेत. आणि एकवीस पानं जमली असताना पंजाबराव साहेब दारात उभे राहिले. हातात बाविसावं. त्यावर केवलरामनं काढलेली आकृती होती: रुंद तोंड, निमुळतं पोट, आत जाणारे बाण, बाहेर येणारी उष्णता.

"हे फर्नेसचं ड्रॉइंग कोनाले पोचवून राहिला बे?"

"साहेब, ते कृष्णविवर हाये."

"मले शिकवतं? हा माल आत चालला, ही गर्मी बाहेर आली. कोनत्या नंबरची फर्नेस?"

"आकाशातली."

"उद्या सांग हे सगळ्याईसमोर." साहेबांनी पान खिशात घातलं.

रविवारी मंडळाचा हॉल गच्च भरला. ब्रह्मांडासाठी कोणी आलं नव्हतं. फिटर पकडला जाताना बघायला आले होते. केवलरामनं एकवीस तेलकट पानं वाचली. गणित कोणाला कळलं नाही, म्हणून संशय आणखी वाढला. मग साहेबांनी उठून बाविसावं पान पुढे केलं. "आता हे वाच."

केवलरामनं वाचलं. "आत पडलेल्याची सगळी माहिती विवराबरोबर कायमची मिटते. बाहेर येणाऱ्या उष्णतेतून तिचं एक अक्षरही परत मिळत नाही."

बायकांच्या बाजूनं भागीरथाचा आवाज आला. "पन तुमचे पानं तं आले नं वापस? उलटेसुलटे आले, पन बावीसच्या बावीस आले."

हॉल हसला. तेजरामचं दुकान म्हणजे कृष्णविवर नव्हे, हे उत्तर केवलरामच्या जिभेवर होतं. पण का नव्हे, ते त्याला सांगता येईना. त्यानं ती वाक्यं पुन्हा एकदा वाचली. मग त्यानं खिशातलं पेन काढून शेवटची दोन वाक्यं सगळ्यांसमोर खोडली.

"उष्णतेत काहीच नसते, हे मी सिद्ध केलंच नाही," तो म्हणाला. "नुसतं धरून चाललो. चूक माही हाये."

आधी सत्यशीलाबाईंनी टाळी वाजवली, मग हॉलनं. पंजाबराव साहेबांचे हात मात्र मांडीवरच होते. एकोणीस वर्षांच्या नोकरीत, मेमो हातात पडायच्या आधी चूक कबूल करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. ना खालचा, ना वरचा. आरशातला तर नाहीच नाही.

दारात त्यांनी केवलरामला गाठलं. "खरं सांग. कोनाले वाचवून राहिला तू?"

"कोनालेच नाही, साहेब."

"मंग एवढ्या लवकर कबूल कावून केलं? मोठी चूक दडवायले मानूस लहान चूक कबूल करते." त्यांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. "मले पुरं प्रकरन पाहिजे. पुढच्या रविवारी तूच बोलशीन. त्याच्या पुढच्याही. मेहुन्याले मी सांगतो काय ते."