पंधरा चपात्या

संगणकाच्या पडद्यावर नवा रकाना दिसला की राजाभाऊ कोतकर त्याला हात जोडत. "या, बसा. कुनाकडचे आपन?" मालकाला मात्र ते अरेतुरे करत.

नगरला सावेडीत आमचे सॉफ्टवेअरचे छोटे ऑफिस आहे. मी तिथे ग्राहकांना पत्रे लिहितो. प्रोग्रॅमिंग मला कळत नाही. राजाभाऊंनी समजावले ते असे: नव्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे एक ऑब्जेक्ट. नाव, पत्ता, डबेवाल्याचे गिऱ्हाईक असेल तर चपात्या, या त्याच्या प्रॉपर्टी, म्हणजे त्याची माहिती. जुन्या डेटाबेसमधल्या रकान्यांना मात्र कुणी काहीही नावे दिलेली असतात. कोणता रकाना कोणत्या प्रॉपर्टीला जोडायचा, हे राजाभाऊ ठरवत. ज्याने रकाना पाडला त्यालाच विचारावे, असे मी एकदा सुचवले.

"इचारायचं कशाला? तोंडवळ्यावरून कळतंय."

मला तरी कळत नव्हते.

मग भिंगारच्या एका बाईंचे काम आले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना त्या घरपोच डबे देतात. त्यांच्या यादीत 'क३' नावाचा रकाना होता. त्यात दोन, पाच, तीन असे आकडे, एके ठिकाणी पंधरा. चपात्यांचा रकाना वेगळा दिसेना. राजाभाऊंनी 'क३' चपात्यांना जोडला.

"पंधरा?" मी विचारले.

"आसंल पैलवान."

नवा प्रोग्रॅम सुरू झाला त्या पहिल्याच दुपारी फोन वाजला. डब्यावरच्या छापील चिठ्ठीवर आमचाच नंबर होता. पलीकडे सोनूबाई नावाच्या आजी होत्या. मी स्पीकर लावला.

"पंधरा चपात्या आल्या. गल्लीतल्या गाईला घातल्या. पर तुमचा मानूस डबा टेकवून पळाला. बसला न्हाई."

"बसायचं होतं का?"

"रोज बसतो की, पंधरा मिनिटं. दिवसातनं तेवढंच कुनी बोलतं माझ्यासंगं."

कोणाकडे किती मिनिटे बसायचे, ते त्या रकान्यात होते; चिठ्ठीवर ते चपात्या म्हणून छापले गेले.

राजाभाऊ कानापर्यंत लाल झाले. भिंगारच्या बाईंना फोन लावून त्यांनी एकेक रकाना विचारून घेतला. प्रोग्रॅममध्ये 'बसायची मिनिटे' ही नवी प्रॉपर्टी जोडली. मग मला म्हणाले, "चल, म्हातारीची माफी मागून येऊ."

आजींनी चहा ठेवला. राजाभाऊ गाईची चौकशी करत बसले. पंधरा मिनिटे झाली, मी उठलो. ते उठेनात.

आजीच म्हणाल्या, "झाली की पंधरा. जावा आता. घरी वाट बघत असतील."

"माझं घड्याळ मागं हाय, आजी," राजाभाऊ म्हणाले.

त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हते.