न फाटणारं अक्षर

"कोणाचा विश्वास बसणार नाही," पेंटर म्हणाले, "पण माझ्या हातचं अक्षर चंद्राएवढं मोठं केलं तरी फाटत नाही."

"बरं. मान हलवू नका," सलूनवाला म्हणाला.

चाळीस वर्षं पेंटरांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता पाट्या छापून येत, आणि साध्या दाढीलाही पेंटरांना मुलगी सलूनमध्ये घेऊन येई. ती वेबपेजं बनवायची. बापाचं अक्षर लोकांना दिसावं म्हणून तिने त्यांच्याकडून मुद्दाम एक पाटी रंगवून घेतली, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

आधी तिने पाटीचा फोटो चढवला. मोठा केला, तर 'क'च्या पोटाला पायऱ्या पडल्या.

"ही पाटी आहे का जिना?"

"बाबा, फोटो ठिपक्यांचा असतो, ताणला की फाटतो. आपण व्हेक्टर करू. त्यात रेघ कुठून कुठे वळवायची तेवढंच लिहिलेलं असतं. मोठं हवं असेल तर कॉम्प्युटर नव्याने काढतो."

"मग मी वेगळं काय करायचो? भिंत मोठी असली तर पाटी ताणायचो का?"

व्हेक्टर झालं. पण कॉम्प्युटर भलताच इमानी निघाला. ब्रशाची एकेक थरथर त्याने उतरवून घेतली. एकट्या 'क'ला चारशे वळणं. पेज उघडता उघडेना. ते हलकं करायला मुलीने वळणं पुसत आणली, सोळा उरली. अक्षर लोण्यासारखं झालं. पेंटर कितीतरी वेळ बघत राहिले.

"हे माझंच," ते म्हणाले. "तिशीतलं."

मुलीला खरं सांगवेना.

पेज पाहून एका बेकरीवाल्याने बोलावलं. भिंतीवर हेच अक्षर हवं, आणि याच हातचं. मुलगी नको नको म्हणेपर्यंत पेंटर शिडीवर चढलेसुद्धा.

"मग?" सलूनवाल्याचा वस्तरा थांबला.

"मग काय. पहिली रेघ ओढतोय तोच रस्त्याने रोलर गेला. भिंत अशी थरथरली की 'क'चा साप झाला. आत भट्टीतून पाव उड्या मारत बाहेर. बेकरीवाला म्हणतो, पेजवर आहे तसं नाही आलं. म्हटलं, गड्या, आधी तुझी भिंत धर, मग बोल."

सलूनवाला हसला. मागच्या बाकावर बसलेली मुलगी हसली नाही.

"शिडी मी धरली होती, बाबा," ती हळूच म्हणाली. "भिंत हलत नव्हती."