कृष्णनाथाचा गुडघा आणि सुमंगलावयनीचा नारळ

तुम्ही कधी खुर्ची नसताना खुर्चीत बसला आहात का? पेडण्याचा कृष्णनाथ गेले सहा आठवडे रोज बसत होता. भिंतीला पाठ, गुडघे वाकवलेले, आणि पंचेचाळीस आकडे मोजून होईपर्यंत उठायचं नाही. तेही दिवसातून पाच वेळा!

पन्नाशीतल्या ह्या कारकुनाला पहाटे धावायचं भारी वेड. धावता धावता गुडघ्याच्या वाटीखालची शीर दुखावली, ती वर्षभर दुखतच राहिली. शेवटी फिजिओथेरपीवाल्या विनिताने हा व्यायाम दिला. "सहा आठवड्यांनी दाबून बघेन," ती म्हणाली होती. "दुखलं नाही तर खुशाल धावा. दुखलं तर पुन्हा सहा आठवडे. तोवर एक पाऊलही धावायचं नाही."

ती उद्या दाबून बघणार होती. आज शेवटचा दिवस. (एवढा एक दिवस तरी गावाने त्याला सुखाने बसू द्यावं की नाही?)

दसरा चार दिवसांवर आलेला. नुकतीच आंघोळ झालेली, उकडत होतं, म्हणून कृष्णनाथ कमरेला पंचा लावून उघडाच बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, भिंतीला टेकून तसाच बसला. तिसाव्या आकड्याला पाय लटलटू लागले. डोळे मिटले, नाकातून फूत्कार निघू लागले.

देवळात निघालेली शेजारीण सुमंगला फाटकातच थबकली. दसऱ्याच्या दिवसांत माणूस असा थरथरतो, तो अंगात देवाचा अवसर आल्याशिवाय? तिने हातातला नारळ त्याच्या पायाशी ठेवला.

"देवा, माझ्या धाकूचा लगीन कधी होतला?"

बोललं तर आकडा चुकणार! कृष्णनाथने पाच बोटं दाखवली. पाच आकडे राहिलेत, थांब जरा, एवढंच.

"पाच म्हयन्यांनी!" सुमंगला ओरडतच सुटली.

संध्याकाळी तो पुन्हा भिंतीला टेकला, तर अंगणात आसपासच्या घरांतला अख्खा वाडा नारळ घेऊन हजर.

"देवा, बंद पडलेल्यो खाणी कधी सुरू होतल्यो? माझो ट्रक गंजलो," खनिज वाहणारा शिवदास म्हणाला.

"अरे, मी देव न्हय! हो गुडघ्याचो व्यायाम!" कृष्णनाथ कडाडला.

"देव रागावलो," म्हणत शिवदासने लोटांगण घातलं.

"ह्यांच्या अंगात देव?" बायको सत्यवती दारातून म्हणाली. "मगे सिलिंडर कधी संपतलो, ता आधी सांगूचा नाय?"

पण घरच्या माणसाचं ऐकतो कोण? कुणीतरी ढोल आणला. देवाला वाजतगाजत देवळात न्यायचं ठरलं. देवाला विचारलंसुद्धा नाही! शिवदासने दंडाला धरलं मात्र, कृष्णनाथ हिसडा मारून मागच्या दाराने पळाला.

"देव चललो! धावा!"

पुढे पंचा सावरत कृष्णनाथ, मागे ढोल. माडांच्या बागेतून, शेताच्या बांधांवरून चांगले दोन किलोमीटर. आणि आश्चर्य म्हणजे, गुडघा जराही दुखत नव्हता! वर्षभरात तो असा धावला नव्हता. इतका संताप झालेला असूनही त्याला मध्येच हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नारळाएवढा सुजला. विनिताने नुसतं बोट लावलं, तर कृष्णनाथ असा काही किंचाळला की तिने कागदावर 'आणखी सहा आठवडे' लिहिलं, आणि ती किंकाळी ऐकून बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनी उठून हात जोडले.