वरीलप्रमाणे

पूल तपासणी कार्यालयाच्या नोंदवहीत पूल बेचाळीस होते आणि शब्द दोनच. पहिल्या ओळीत 'सुस्थितीत', आणि त्याखाली एक्केचाळीस वेळा 'वरीलप्रमाणे'. ही पद्धत हेडक्लार्कने एकोणीस वर्षांपूर्वी घालून दिली होती. पूल क्रमांक एक म्हणजे कार्यालयाच्या फाटकासमोर गटारावर टाकलेली फरशी. चहाला जाताना सगळे तिच्यावरूनच जात आणि ती आजवर हललीसुद्धा नव्हती. फरशी मजबूत, म्हणून नदीवरचे, नाल्यांवरचे आणि रुळांवरचे बाकीचे पूलही मजबूत, असा सगळा सरळ हिशेब होता.

या हिशेबात एकच माणूस खडा टाकत असे, तो म्हणजे तपासनीस. त्याला सगळे टकटक म्हणत. पुलाच्या खांबावर छोट्या हातोडीने टकटक करायची आणि आवाज ऐकायचा, हेच त्याचे काम. आतून धड असलेला खांब खणखणीत वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. सवय अशी जडली होती की घरातली भिंत, कपाट, माठ, काहीही त्याच्या बोटांतून सुटत नसे. सासऱ्यांच्या पायाला प्लास्टर घातले होते, तेव्हा त्यावरही त्याने टिचकी मारून पाहिली होती. सासरे ते अजून विसरलेले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी सतरा नंबरच्या पुलाचा तिसरा खांब भद्द वाजला. टकटकची बायको बसवर कंडक्टर होती आणि तिची बस त्याच पुलावरून दिवसातून आठ वेळा जायची. त्याने अहवाल दिला. एकदा दिला, दोनदा दिला, तिसऱ्यांदा दिला. तिन्ही वेळा एकच शेरा आला, 'अहवाल विहित नमुन्यात नाही.' विहित नमुना म्हणजे ती नोंदवही, आणि नोंदवही हेडक्लार्कच्या कुलूपबंद खणात.

"भाऊसाहेब, एवढी एक ओळ लिहा हो," तो हेडक्लार्कच्या टेबलाशी उभा राहून म्हणायचा.

"तुम्हाला कळत नाही, टकटक. सतराव्या ओळीत मी खराब लिहिलं, तर खाली अठरावी काय म्हणते? वरीलप्रमाणे. म्हणजे खालचे पंचवीस पूल बसल्या जागी खराब झाले. मग अठरावी नव्यानं लिहा, तिच्याखालचं तपासा. एकोणीस वर्षांत या वहीत खाडाखोड नाही."

"माझी बायको जाते हो त्यावरून."

"मग दुसरा रूट मागून घ्या म्हणावं. त्यांचा अर्जाचा नमुना सोपा आहे."

शेवटी हेडक्लार्कची दाढ टकटकच्या मदतीला आली. शनिवारी त्या वर्षाची वही सहीला जायची होती आणि त्याच दिवशी सकाळी दाढ उपटायची वेळ आली. गालावर हात धरून हेडक्लार्कने खणाची किल्ली टकटकच्या हातात दिली. "पहिली ओळ सुस्थितीत. बाकी तुम्हाला माहीतच आहे," एवढे बोलून तो गेला.

टकटकने पहिली ओळ लिहिली. दुसरीपासून सोळावीपर्यंत निमूटपणे 'वरीलप्रमाणे' लिहिले. सतराव्या ओळीशी तो थांबला. दाराकडे एकदा बघून त्याने ठसठशीत अक्षरात लिहिले, 'धोकादायक. वाहतूक तत्काळ बंद करावी.' तीन वर्षांचे ओझे एका ओळीत उतरले. त्याला इतके हलके वाटले, की पुढचे काम त्याने जवळजवळ गुणगुणत केले. अठरा, वरीलप्रमाणे. एकोणीस, वरीलप्रमाणे. असे करत बेचाळीस.

साहेबांनी फोनवर बोलता बोलता वहीवर सही केली. तिची प्रत नेहमीप्रमाणे वाहतूक शाखेत गेली. एरवी ती तिथल्या कपाटात जाऊन निजायची, पण शाखेत नुकताच एक नवा अधिकारी बदलून आला होता आणि त्याला आलेला कागद वाचायची खोड होती.

सोमवारी सकाळी नऊपर्यंत सव्वीस पूल बंद झाले. अडथळे कमी पडले तेव्हा हवालदारांनी पिंपे लावली, बाकडी लावली, एका पुलावर तर लोखंडी खाट आडवी टाकली. गावाचे सात तुकडे झाले. शिक्षक एका तुकड्यात आणि शाळा दुसऱ्या तुकड्यात राहिली, त्याची तक्रार मात्र कोणी केली नाही. अग्निशमन दल दोन पुलांच्या बेचक्यात सापडले आणि त्या बेचक्यात पेट घेण्यासारखे काहीच नव्हते. एक शववाहिका एकतीस नंबरपाशी तीन तास उभी होती. नातेवाईक आधी रडत होते, मग हवालदाराशी भांडले, आणि शेवटी सावली बघून बसले.

साडेनऊला कार्यालयात साहेबांचा फोन आला. कार्यालयात टकटक एकटाच पोहोचला होता, कारण त्याच्या वाटेवर पूलच नव्हता.

"टकटक, मी तेवीस नंबरपाशी उभा आहे. हवालदार सोडत नाहीये."

"तुम्ही कोण ते सांगा ना, साहेब."

"सांगितलं. तो म्हणतो, बंद करायच्या कागदावर तुमचीच सही आहे, तुम्हीच मोडायला लागलात तर आम्ही कोणाकडं बघायचं? काय चाललंय काय? आदेश रद्द करा आधी."

"रद्द करायला तुमची सही लागते."

"मग कागद घेऊन या इकडं."

"साहेब, मलाही तेवीस नंबर ओलांडता येणार नाही."

साहेबांनी फोन आपटला. टकटकने वही उघडली, सतराव्या ओळीखालची अठरावी ओळ पाहिली, आणि तिथून बोट खाली सरकवत बेचाळीसपर्यंत नेले.

तेवढ्यात बायकोचा फोन. ती सतरा नंबरच्या पलीकडच्या डेपोत अडकली होती. "अहो, पूल बंद झाला. तुम्हीच केलात ना?"

"हो. मीच."

"बरं केलंत. छातीवरचा दगड उतरला बघा. रोज तिसऱ्या खांबावर आले की मी श्वास धरून बसायचे, तुम्हाला बोलले नाही कधी." मग म्हणाली, "पण बाकीचे पंचवीस कशाला बंद केलेत?"

"चुकून."

"भाजी आणायला धाडलं तरी तुमचं असंच असतं," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात हसू होते. त्या दिवसातले ते शेवटचे.

दुपारी एक वाजता साहेब पोहोचले. नदीच्या उथळ पात्रातून चालत, पँट गुडघ्यापर्यंत वर, बूट हातात. पाठोपाठ हेडक्लार्क, गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. दोघांनी गटारावरच्या फरशीवर पाय आपटून चिखल झाडला.

"वरून फोन आलाय," साहेब खुर्चीत बसत म्हणाले. "चारच्या आत सगळे पूल उघडायचे. दुरुस्ती एका ओळीत करायची. एका ओळीत केली तर लेखनचूक, दोन ओळींत केली तर चौकशी."

टकटक पुढे सरसावला. "एकाच ओळीत होतं, साहेब. अठराव्या ओळीत 'सुस्थितीत' लिहा. खालचे सगळे आपोआप नीट होतात. सतरा तेवढा बंद राहू द्या."

हे इतके सोपे होते की साहेबांनी पेनाकडे हात नेलासुद्धा. मग त्यांनी हेडक्लार्ककडे पाहिले.

हेडक्लार्कने तोंडातला बोळा काढला. "अठराव्या ओळीत चूक कुठं आहे, साहेब? ती म्हणते वरीलप्रमाणे, आणि आहे वरीलप्रमाणेच. चूक जिथं काहीतरी नवीन लिहिलंय तिथं आहे." आणि बोळा परत आत ठेवला.

"खांब पोकळ आहे हो," टकटक म्हणाला. "मी स्वतः वाजवलाय."

"असेल," साहेब म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता. ते थकले होते आणि त्यांच्या मोज्यांतून पाणी गळत होते. "पण आज सतरा बंद ठेवला, तर उद्या विचारतील, तीन वर्षं का उघडा होता? काय सांगू? पुढच्या आठवड्यात समिती नेमू. घ्या पेन. अक्षर तुमचं आहे, दुरुस्तीही तुमच्याच हातची हवी."

टकटकने पेन घेतले. दोन माणसे त्याच्याकडे बघत होती, एकाचे पाय ओले आणि एकाचा गाल सुजलेला, आणि बाहेर सगळे गाव अडकून पडले होते. त्याने सतराव्या ओळीवर रेघ मारली आणि वर लिहिले, 'वरीलप्रमाणे'. सांगायला लाज वाटते, पण लिहिले. सव्वीस पूल एका शब्दाने सुस्थितीत आले. साहेबांनी सही ठोकली आणि लगेच वाहतूक शाखेला फोनवर कळवले.

जिना उतरता उतरताच त्याने बायकोला फोन लावला. "पुलावर जाऊ नकोस."

"अहो, आत्ताच उघडला म्हणून निरोप आलाय. बस लागलीय, एकतीस पॅसेंजर आहेत. दुरुस्त झाला का इतक्यात?"

"कागदावर झाला."

तिने हळू विचारले, "खांब तसाच आहे?"

"तसाच."

"मग उघडलात कशाला?"

उत्तराची वाट न पाहता तिने फोन ठेवला. टकटकने स्कूटर काढली आणि सतरा नंबर गाठला. उतरताना सवयीने हातोडी हातात आली होती.

पलीकडच्या टोकाला बस उभी होती, पुलाच्या तोंडाशी. आत काय झाले ते त्याला नंतर कळले. बायकोने दोरी एकदाच ओढली होती. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, आणि दुसरी घंटी ती देत नव्हती. ड्रायव्हर वळून म्हणाला, "बाई, डबल द्या." ती म्हणाली, "देते." आणि दिली नाही. पॅसेंजर ओरडू लागले, मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. तिने दोरी घट्ट मुठीत धरून ठेवली.

रांगेतून खडीचा एक ट्रक बाहेर पडला. सकाळपासून अडकलेला, फळीच्या वर हातभर खडी रचलेली. बसच्या कडेने तो पुलावर आला. टकटक पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी धावला आणि हातोडी डोक्यावर धरून जिवाच्या आकांताने हलवू लागला. ट्रकवाल्याला वाटले, पूलवाला वाट मोकळी असल्याचे सांगतोय. त्यानेही काचेतून हात हलवला.

मग टकटकला आवाज आला. हातोडी लागलीच नव्हती, तरी तोच, भद्द.

ट्रकवाल्याला पाण्यातून काढले तेव्हा तो जिवंत होता. दोन दिवस टकटक रुग्णालयाच्या पायरीवर बसून राहिला. आत जायचा धीर होत नव्हता. तुम्ही त्यांचे कोण, असे कोणी विचारले की तो म्हणायचा, "पूलवाला." तिसऱ्या दिवशी बसायचे कारण उरले नाही.

चौकशी झाली. वहीनुसार पूल सुस्थितीत होता, तेव्हा दोष पुलाचा असूच शकत नव्हता. ट्रकमध्ये जादा खडी होती, म्हणून अपघाताला मयत चालक जबाबदार ठरला आणि त्याचा परवाना रद्द करण्यात आला. टकटकने 'धोकादायक' ही ओळ खोडलेली आहे असे लेखी कळवले. उत्तर आले, खोडलेला मजकूर वाचायचा नसतो. बायकोला मेमो मिळाला, पूल सुस्थितीत असताना विनाकारण बस थांबवल्याबद्दल. तिने खुलासा दिला, 'घंटीची दोरी अडकली होती.' नवऱ्याच्या फोनचे तिने नाव काढले नाही.

वर्ष सरले. हेडक्लार्कची दाढ बरी झाली आणि वही त्याच्या खणात परत गेली. सतराव्या ओळीत यंदा काहीतरी लिहिणे भागच होते, कारण पुलाच्या जागी नुसते पाणी वाहताना सगळ्या गावाने पाहिले होते. त्याने वळणदार अक्षरात लिहिले, 'अस्तित्वात नाही.' मग अठरावी ओळ, वरीलप्रमाणे. एकोणिसावी, वरीलप्रमाणे. बेचाळीसपर्यंत.

"भाऊसाहेब, अहो, हे काय लिहिलंत?" टकटक म्हणाला.

"वाचतो कोण?" हेडक्लार्क म्हणाला. खरेच होते. वाचणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाली होती.

बायकोची बस आता तेवीस नंबरवरून वळवली होती. महिन्याभराने टकटकने तेवीस नंबरचे खांब वाजवले. दुसऱ्या खांबाशी तो बराच वेळ उभा राहिला, तीन-तीनदा वाजवून पाहिले. मग त्याने अहवाल लिहिला. या खेपेला उत्तर दोनच दिवसांत आले, कार्यालयात इतक्या लवकर उत्तर कधी आलेले त्याला आठवत नव्हते. 'अभिलेखानुसार सदर पूल अस्तित्वात नसल्याने त्याच्या स्थितीचा प्रश्न उद्भवत नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद त्याने बायकोपुढे ठेवला. ती ड्युटीवर निघायच्या तयारीत तिकिटांचे मशीन पट्ट्यात अडकवत होती. तिने कागद दोनदा वाचला.

"पूल नाही म्हणतात?"

"नाही म्हणतात."

"मग मी रोज आठ वेळा जाते ती कशावरून?"

टकटकने हातोडी पिशवीत टाकली आणि चपला पायात सरकवल्या. "आजपासून मी पण येतो तुझ्या बसनं."

"आठही फेऱ्या?"

"आठही."

तिने त्याच्याकडे एकदा नीट पाहिले. मग पट्टा खांद्यावर चढवला आणि दार उघडले.

"तिकीट काढावं लागेल," ती म्हणाली.